शरीराची साक्ष

ताप येण्यापूर्वीं मनुष्याची जी एक अवस्था होते तिच्यासाठीं मराठींत फार नेमके शब्द आहेत. अंगांत कणकण आहे, कसर आहे, अंग मोडून आलें आहे, तोंडाला चव नाहीं, अन्नावरची वासना उडाली आहे, असें आपण म्हणतों. हे शब्द वैद्यकाच्या ग्रंथांतून आलेले नाहींत. ते घराघरांतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून आलेले आहेत. त्यांतील एकही शब्द बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीचा वाचक नाहीं. कणकण दुसऱ्यास दिसत नाहीं व मोजतां येत नाहीं. ती ज्याची त्यालाच कळते. म्हणूनच कोणी तसें म्हणालें कीं ऐकणाराचा हात प्रथम त्याच्या कपाळाकडे जातो आणि नंतर तापमापकाकडे. आंकडा शंभराच्या वर गेला तर त्या माणसाचें म्हणणें खरें ठरतें. न गेला तर "कांहीं नाहीं, उठून कामाला लागलास म्हणजे बरें वाटेल," असा निकाल त्याच्या पदरीं पडतो.

या नित्याच्या प्रसंगांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. "मला बरें वाटत नाहीं" हें वाक्य स्वतःच पुरावा आहे, कीं तें बोलणारानें पुरावा आणून दिल्यावांचून त्यास किंमत नाहीं? आजाऱ्यास येणारी ग्लानि हा त्याच्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा समजावयाचा काय? दुखणें लपवून राबत राहणें हा निरपवाद सद्गुण आहे काय? गेल्या अर्धशतकांत ज्ञानतंतु, अंतःस्राव आणि रोगप्रतिकारक यंत्रणा यांच्या परस्परसंबंधाविषयीं शरीरशास्त्रानें जे शोध लावले आहेत, त्यांनीं या प्रश्नाचें स्वरूप बरेंच पालटलें आहे, असें आमचें मत आहे. तें कसें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या नीतिविचारावर एका जुन्या रूपकाची छाया पडलेली आहे. कठोपनिषदांत शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम व बुद्धीस सारथि म्हटलें आहे. ग्रीसमध्यें प्लेटोनेंही आत्म्याचें वर्णन दोन घोडे व त्यांचा सारथि अशा रूपानें केलें. रूपक भव्य आहे, आणि विषयांमागें धांवणाऱ्या मनुष्यास आवरण्याच्या कामीं त्याचा उपयोगही मोठा झाला. परंतु त्यांतील घोडे सगळे बहिर्मुख आहेत. रथाचा आंस तापला आहे किंवा चाकाची धांव निसटूं लागली आहे, ही वार्ता सारथ्यास कोणीं द्यावयाची, याची योजना त्या रूपकांत नाहीं. त्यामुळें रथ मंदावला कीं घोडा अडेल आहे एवढाच अर्थ आपणांस सुचतो, आणि हात चाबकाकडे जातो. 'दुखणें अंगावर काढणें' हा वाक्प्रचार आपण पुष्कळदां कौतुकानें वापरतों. ज्यांच्याविषयीं तो वापरला जातो त्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक असतो, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. हान्स सेल्ये हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्राग येथें वैद्यकाचा विद्यार्थी होता. तेथें निरनिराळ्या रोगांचे रोगी विद्यार्थ्यांपुढें आणले जात, व प्रत्येकाच्या रोगाचें विशिष्ट लक्षण कोणतें तें अध्यापक दाखवीत. सेल्येच्या मनावर मात्र दुसरीच गोष्ट ठसली. हे सर्व रोगी एकमेकांसारखे दिसत होते. रोग कोणताही असो, चेहरा उतरलेला, भूक मंदावलेली, अंग दुखत असलेलें, कशांतही उत्साह नाहीं. नुसतें 'आजारी असणें' हीच एक अवस्था आहे आणि तिचा विचार कोणीच करीत नाहीं, असें त्यास वाटलें. पुढें माँट्रिअल येथें उंदरांवर प्रयोग करून १९३६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यानें एक छोटेंसें पत्र प्रसिद्ध केलें. थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा अगदीं भिन्न कारणांनीं शरीरांत एकाच प्रकारचे फेरफार घडतात, व त्यांत अधिवृक्क ग्रंथि मोठ्या होतात, असें त्यांत दाखविलें होतें.

या ग्रंथि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांना हुकूम येतो तो मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीकडून, आणि पिट्युइटरीस सूचना मिळते ती तिच्या लगत वर असलेल्या हायपोथॅलॅमस नांवाच्या मेंदूच्या लहानशा भागाकडून. या सांखळीच्या शेवटीं रक्तांत कॉर्टिसॉल हा अंतःस्राव, म्हणजे ज्यास आज सर्रास हार्मोन म्हणतात तो, उतरतो. वाघ दिसला किंवा परीक्षेची घंटा ऐकूं आली कीं ही सांखळी हलावी हें समजण्याजोगें आहे. कारण डोळ्यांनीं व कानांनीं मेंदूस बातमी दिलेली असते. परंतु आंतड्यांत शिरलेला जंतु दिसत नाहीं कीं ऐकूं येत नाहीं. त्याची बातमी मेंदूस देतो कोण? हा प्रश्न कित्येक वर्षें अनुत्तरितच राहिला.

उत्तराचा पहिला भाग १९८६ सालीं पुढें आला. ह्यूगो बेसेडोव्स्की व त्याचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, जंतूंशीं झुंजणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ नांवाचा जो पदार्थ सोडतात तो नुसता टोंचला, तरी प्राण्याच्या अधिवृक्क ग्रंथि जाग्या होतात. पुढच्याच वर्षीं शास्त्रज्ञांच्या दोन निरनिराळ्या गटांनीं हा परिणाम हायपोथॅलॅमसच्या मार्फत घडतो असें दाखविलें. म्हणजे रोगाशीं लढणाऱ्या पेशी या शिपाई आहेत तशा हेरही आहेत. एडविन ब्लॅलॉक या शास्त्रज्ञानें तर १९८४ सालींच अशी कल्पना मांडली होती कीं, रोगप्रतिकारक यंत्रणा हें एक इंद्रियच समजावें. पंचेंद्रियांस जें कळत नाहीं तें तिला कळतें, आणि तें ती मेंदूस कळविते.

उत्तराचा दुसरा भाग अधिक नवलाचा आहे. रक्त व मेंदु यांच्यामध्यें एक प्रकारची गाळणी असते, आणि इंटरल्यूकिनसारखे मोठे रेणु तिच्यांतून सहजासहजीं पार होत नाहींत. मग निरोप पोंचतो कसा? १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत लिंडा वॉटकिन्स व स्टीव्हन मेयर, आणि फ्रान्समध्यें रॉबर्ट डॅन्त्झर, यांनीं आपापल्या सहकाऱ्यांसह ज्ञानतंतूंकडे लक्ष वळविलें. मेंदूच्या बुडापासून निघून छाती व पोट यांतील अवयवांपर्यंत गेलेली व्हेगस नांवाची तंतूंची एक लांबच लांब जुडी आहे. हृदयाची गति मंद करणारी, पचनास चालना देणारी, म्हणजे मेंदूच्या आज्ञा खालीं नेणारी म्हणून तिची प्रसिद्धि. परंतु तिच्यांतील सुमारे ८० टक्के तंतु उलट दिशेनें, शरीराकडून मेंदूकडे, वार्ता नेणारे आहेत. उंदरांची ही जुडी पोटाच्या वरच्या बाजूस कापून मग त्यांच्या पोटांत इंटरल्यूकिन-१ टोंचलें, तर यावयाचा ताप आला नाहीं, आणि अधिवृक्क ग्रंथींचा जो स्राव वाढावयाचा त्याची वाढ खुंटली. जंतुविष टोंचलेला उंदीर एरवीं अंग चोरून कोपऱ्यांत बसतो, जातभाईची विचारपूस करीत नाहीं. व्हेगस कापलेल्या उंदरांत ही उदासीनताही पुष्कळ कमी झाली. पोटांत टोंचलेला पदार्थ तोच होता. नाहींसा झाला होता तो निरोप्या.

या निरोप्यांत अतिशय बारीक तंतूंचा एक वर्ग आहे, आणि त्याच्याशीं आपल्या स्वयंपाकघराचा रोजचा परिचय आहे; मिरचीचा तिखटपणा जिभेस झोंबतो तो याच जातीच्या तंतूंमुळें. मिरचींतील कॅप्सेसिन हें द्रव्य मोठ्या मात्रेंत दिल्यास ते बधिर होतात, हें हंगेरींतील मिक्लोश यान्चो यानें दाखविलें होतें. आणि नवजात उंदरांत ते कायमचे नष्ट करतां येतात असें १९७७ सालीं गाबोर यान्चो व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलें. तेव्हांपासून ज्ञानतंतूंच्या अभ्यासकांस आपल्या फोडणींतलें हें तिखट एक हत्यार म्हणून लाभलें आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे, नाहीं तर शास्त्राच्या नांवावर नवीनच पुराण रचलें जाईल. इंटरल्यूकिन पोटांत न टोंचतां शिरेंतून दिलें, किंवा त्याची मात्रा फार वाढविली, तर व्हेगस कापूनही त्याचे परिणाम बहुतांशीं थांबत नाहींत. याचा अर्थ असा कीं निरोपाचे मार्ग एकाहून अधिक आहेत. पूर्वीं एकाच गांवास टपालही जाई आणि तारही जाई; तार तुटली म्हणून टपाल बंद पडत नसे. तसेंच हें आहे. रक्ताचा मार्ग सावकाश व सर्वगामी, तर ज्ञानतंतूंचा मार्ग त्वरेचा, आणि बातमी कोणत्या ठिकाणची तेंही सांगणारा. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांत घशाकडील मोजक्या ज्ञानतंतूंच्या द्वारें आजाराची पहिली खबर मेंदूस जाते, आणि तेवढे तंतु मुके केले तर उंदीर आरंभीं खातपीत व हिंडत राहतात. या संशोधनाकडे आपणांस पुनः यावयाचें आहे.

खबर मिळाल्यावर मेंदु अंतःस्रावांच्या रूपानें जें उत्तर धाडतो तेंही विचार करण्याजोगें आहे. कॉर्टिसॉल लढणाऱ्या पेशींस चेतवीत असेल असें कोणासही वाटेल. वस्तुतः तो त्यांस आवरतो. १९४८ सालीं फिलिप हेंच यानें संधिवाताच्या रोग्यास याच वर्गांतील कॉर्टिसोन टोंचून सूज व वेदना ओसरतात असें दाखविलें, व त्याबद्दल १९५० सालीं त्यास दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. कोरोनाच्या सांथींत २०२० सालीं ब्रिटनमधील मोठ्या चांचणींत याच जातीच्या डेक्सामेथासोन या औषधानें यंत्रावर श्वास घेणाऱ्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें घटलें. कारण कित्येक रोग्यांत विषाणूपेक्षां शरीराचा स्वतःचाच क्षोभ अधिक घातक ठरत होता. तेव्हां ज्ञानतंतु खबर देतात, मेंदु ती ऐकतो, आणि जो अंतःस्राव धाडतो तो क्षोभास मर्यादा घालण्यासाठीं. संयम हा केवळ मनानें शरीरावर लादलेला गुण आहे असें मानणारांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी. शरीराच्या पोटींही संयमाची एक व्यवस्था आहे, आणि ती चालते ती आधीं नीट ऐकून घेतल्यामुळें चालते.

मग आजाऱ्याची ग्लानि म्हणजे काय? शक्ति संपली म्हणून तो पडून राहतो, हा सामान्य समज. १९६४ सालीं नील मिलर यानें प्रसिद्ध केलेले प्रयोग या समजास धक्का देणारे आहेत. जंतुविष टोंचलेला उंदीर पाणी मिळविण्यासाठीं खटका दाबीनासा होतो. परंतु त्यालाच फिरत्या पिंपांत ठेवलें, आणि खटका दाबतांच पिंप थांबून विसांवा मिळेल अशी सोय केली, तर तो निरोगी असतांना दाबी त्याहूनही अधिक वेळां खटका दाबतो. म्हणजे पंजांत बळ होतें. बदललें होतें तें त्याचें साध्य. एरवीं पाणी श्रेष्ठ, आतां विश्रांति श्रेष्ठ, असा त्याच्या इच्छांचा अनुक्रमच फिरला होता. १९७५ सालीं मॅथ्यू क्लूगर व त्याचे सहकारी यांनीं वाळवंटांतील सरड्यांवर प्रयोग केले. सरडा स्वतःचें अंग स्वतः तापवूं शकत नाहीं. जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांस तापासारख्या उष्णतेंत ठेवलें तर ते अधिक संख्येनें जगले, थंड ठेवले ते अधिक दगावले. १९८८ सालीं बेंजामिन हार्ट यानें या सर्वांचा मेळ घालून असें प्रतिपादिलें कीं, आजारी प्राण्याचें निजून राहणें, न खाणें, एकलकोंडेपणा हा शरीराचा पराभव नसून ताप टिकवून बळ वांचविण्याची ती एक जुनी व सुसंगत योजना आहे.

सर्वांत बोलका प्रयोग १९९७ सालचा, डॅन्त्झर व त्याचे सहकारी यांचा. लेंकुरवाळ्या उंदरिणीस जंतुविष टोंचलें. सुखद उबेंत ती विखुरलेलीं पिलें गोळा करी, परंतु घरटें बांधण्याचें टाळी. मात्र हवा कडाक्याची थंड केली, जींत घरट्यावांचून पिलें वांचलीं नसतीं, तेव्हां तीच आजारी आई उठली व तिनें घरटें बांधलें. ती उठली म्हणून तिचा आजार खोटा होता काय? तिच्या अंगांत विष तितकेंच होतें. पिलांच्या प्राणांपुढें तिनें आपलें दुखणें बाजूस सारलें, एवढेंच. कोणत्याही घरांतील आईच्या आजारपणास हा न्याय लावून पाहावा. "मघां तर स्वयंपाक केलास, मग आतां काय झालें?" असें जो विचारतो, तो तिच्या उठण्यास तिच्याविरुद्धचा पुरावा करीत असतो. वस्तुतः त्या उठण्यानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं थंडी फार होती, आणि घरटें बांधणारें दुसरें कोणी नव्हतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नैयायिकांनीं मन हें अंतरिंद्रिय मानलें असून त्याच्या द्वारें होणारें सुखदुःखांचें ज्ञान प्रत्यक्षांत गणलें आहे. या परिभाषेंत बोलावयाचें तर "मला बरें वाटत नाहीं" हें बोलणाराच्या दृष्टीनें प्रत्यक्ष आहे आणि ऐकणाराच्या दृष्टीनें शब्दप्रमाण. तापमापकाचा आंकडा पाहून काढलेला निष्कर्ष मात्र निव्वळ अनुमान होय. पारा चढला त्यावरून ताप, ताप नाहीं त्यावरून आजार नाहीं, असे तें पायऱ्यांनीं चालतें, आणि त्यांतील दुसरी पायरी तर साफ निसरडी आहे. आपल्या पूर्वजांना इंटरल्यूकिन ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह येथें कोणी धरूं नये. चरकसंहितेंत ज्वराचें वर्णन करतांना देह, इंद्रियें व मन या तिहींचा संताप सांगितला आहे आणि नव्या ज्वरांत लंघन सांगितलें आहे, हें सूक्ष्म निरीक्षण होय, प्रयोगशाळेंतील शोध नव्हे. परंतु प्रमाणांची मांडणी त्यांनीं जी केली तिच्यावरून एवढें समजतें कीं, अनुभवणाराच्या साक्षीस डावलून यंत्रास एकमेव साक्षीदार ठरविणें यांत शास्त्रीयताही नाहीं. आधुनिक शरीरशास्त्र त्या साक्षीस नवा आधार देतें. ती साक्ष देणारे तंतु खरोखरच आहेत. ते कापून दाखवितां येतात.

यावर पहिला आक्षेप असा कीं, ढोंग करणारे पुष्कळ असतात. असतात खरे. परंतु न्यायालयांत खोटे साक्षीदार येतात म्हणून कोणी साक्ष घेण्याची पद्धतच बंद करीत नाहीं. शिवाय चुकीची किंमत दोन्हीं बाजूंस सारखी नाहीं. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर एका दिवसाचें काम बुडतें. खऱ्या आजाऱ्यावर अविश्वास दाखविला तर रोग बळावतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो माणूस पुढच्या खेपेस बोलतच नाहीं. कित्येक घरांत स्त्रियांचीं दुखणीं अगदीं शेवटच्या टप्प्यास उघडकीस येतात, त्याचें एक कारण या शिकविलेल्या मौनांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आजाऱ्याची मरगळ, त्याचा चिडखोरपणा, त्याची निराशा हीं जर रेणूंचीं व तंतूंचीं कार्यें, तर मग मनुष्याची जबाबदारी कोठें उरली? हा आक्षेप काल्पनिक नाहीं. हाफकिन यानें १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, तेव्हां त्यास प्लेग झाला नव्हता. तरी ताप आला व वेदना झाल्या. २०२१ सालीं कोरोनाची लस घेतलेल्या अनेकांनीं हाच अनुभव घरोघर घेतला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगांत निरोगी माणसांस विषमज्वराची लस टोंचल्यावर कांहीं तासांत त्यांचें मन खिन्न झालें, आणि भावनांशीं निगडित असलेल्या मेंदूच्या भागांच्या कार्यांतही फरक दिसला. खिन्न होण्यासारखें त्यांच्या आयुष्यांत त्या दिवशीं कांहींही घडलें नव्हतें.

यास आमचें उत्तर असें कीं, मनांत वृत्ति उठणें आणि तिला अनुमति देणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका यानें क्रोधाविषयीं लिहितांना मनाची पहिली अनिच्छ हालचाल व तिला बुद्धीनें दिलेली संमति यांत भेद केला. आपल्याकडील योगविचारही वृत्ति उठत नाहींत असें म्हणत नाहीं. त्यांचा निरोध करण्यास सांगतो. कणकण उठली यांत दोष नाहीं. त्या भरांत मुलास मारलें तर तो दोष आहेच. परंतु दोषाचें माप मात्र बदलतें. निरोगी मनुष्यास जो शांतपणा फुकट मिळतो, तो आजाऱ्यास विकत घ्यावा लागतो. त्याच्या तोंडून निघालेला एक तुटक शब्द आणि निरोग्याच्या तोंडून निघालेला तोच शब्द एका तराजूंत तोलणें हा अन्याय आहे. आणि जबाबदारी नाहींशी होत नाहीं तर ती वांटली जाते: आजाऱ्यानें आवरण्याचा यत्न करावा, आणि भोंवतालच्यांनीं त्यास आवरावें लागणार नाहीं अशी व्यवस्था करावी.

तिसरा आक्षेप आम्हीं वर ज्याकडे पुनः यावयाचें म्हटलें त्या २०२३ सालच्या संशोधनांतूनच निघतो. घशाकडील ते ज्ञानतंतु मुके केल्यावर उंदीर खातपीत राहिले, एवढेंच नव्हे तर त्यांतील अधिक उंदीर जगले. मग शरीराची ती जुनी योजना शहाणपणाची कशी म्हणावी? सरड्यांच्या बाबतींत तापानें तारलें, येथें अन्न सोडण्यानें मारलें. आमच्या मतें याचा बोध असा कीं, साक्षीदार आणि न्यायाधीश यांत गल्लत होतां कामा नये. शरीर जी साक्ष देतें ती खरी असते. त्यावरून तें जो निकाल देतें तो प्रत्येक वेळीं योग्य असतोच असें नाहीं. तो निकाल असंख्य पिढ्यांच्या सरासरीवर बेतलेला आहे, आजच्या या रोग्यास पाहून दिलेला नाहीं. म्हणून आजाऱ्यास भूक नसली तरी दोन घांस घ्यावयास सांगणारी आजी, किंवा ताप उतरविण्याचें औषध देणारा डॉक्टर, शरीराचा अपमान करीत नसतो. तो निकालाविरुद्ध अपील करीत असतो. पण अपील करणारानें साक्ष मान्य केलेली असते. "तुला कांहीं झालेलें नाहीं" आणि "तुला झालें आहे, तरी थोडें खा" या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें सगळ्या नीतीचें अंतर आहे.

याच ठिकाणीं प्रश्न घराच्या उंबरठ्याबाहेर जातो. विश्रांति हा शरीराचा हुकूम आहे असें म्हणणें सोपें. परंतु तो पाळण्याची ऐपत सर्वांस सारखी नाहीं. पगारी रजा असलेला प्राध्यापक कणकण आली कीं पांघरूण घेऊन निजूं शकतो. त्याच्याच घरीं भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईचे ज्ञानतंतु त्याच्या ज्ञानतंतूंहून कमी प्रतीचे नाहींत. तीच खबर तितक्याच त्वरेनें तिच्या मेंदूस जाते. ती तरीही उठते, कारण तिची हवा नेहमींच थंड असते आणि घरटें नेहमींच अर्धें बांधलेलें असतें. तिच्या उठण्याचें कौतुक करून आपण मोकळे होतों. त्या कौतुकाऐवजीं त्या दिवसाची मजुरी न कापतां तिला परत धाडणें, हें या सर्व शास्त्राचें घरगुती भाषांतर होय. तसेंच, घरांतल्या जिनें आजवर सर्वांचीं दुखणीं काढलीं तिला कणकण आली असतां "काय होतंय?" एवढें विचारून न थांबतां चुलीपुढची तिची जागा कोणी तरी घ्यावी, कारण जागा रिकामी राहिली तर ती उठणारच.

निग्रह, सोशिकपणा, कर्तव्यनिष्ठा यांचें मोल आम्हांस कमी करावयाचें नाहीं. ज्या आईनें थंडींत घरटें बांधलें तिचें उठणें थोरच आहे. परंतु जो गुण संकटकाळीं शोभतो तो रोजच्या व्यवहाराचा नियम करून दुसऱ्यावर लादणें, आणि तो न पाळणारास दुबळा ठरविणें, यांत थोरपणा कोणाचाच नाहीं. सोशिकपणा स्वतःपुरता असावा. दुसऱ्याच्या दुखण्याच्या बाबतींत आपलें काम ऐकण्याचें आहे. शरीराच्या आंत तें काम ज्ञानतंतु करतात: दूरच्या कोपऱ्यांतला क्षोभ ते मध्यवर्ती सत्तेस कळवितात, आणि ती पुरावा मागत न बसतां तत्काळ उत्तर धाडते. कुटुंबांत व समाजांत तें काम करणारे तंतु निसर्गानें दिलेले नाहींत. ते आपणच एकमेकांमध्यें विणावे लागतात.